तीण नाणी

नर्सरीच्या मोठ्या बाई बोलल्या, "मुलीला स्वतःचं नाव नीट सांगता येत नाहीये," आणि माझं डोकं जे सटकलं ते खाली येऊन स्कूटरला किल्ली लावेपर्यंत सटकलेलंच होतं.

तशा बाई गोड होत्या. "पाणी हवं का बाळा?" असं विचारूनच त्यांनी सुरुवात केली. ज्ञानदाने, म्हणजे माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीने, मानेनेच नको म्हटलं. मग त्यांनी नाव विचारलं. पोरीने छाती पुढे काढून सांगितलं, "ग्याणदा." बाई बोलल्या, "काय गं?" पोरगी अजून मोठ्याने, "ग्याणदा!" कान कुठाय? "हा काण." मोजून दाखव बघू. "एक, दोण, तीण." माझ्या शेजारी माझी सासू बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. ज्ञानदा हे नाव तिनेच हौसेने ठेवलेलं, बारशाला येईल त्याला अर्थ समजावून सांगितलेला. आणि आता तेच नाव नातीच्या तोंडून असं वाकडं होऊन बाहेर पडत होतं.

"दिवसभर मुलीजवळ कोण असतं?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. मी मेलिसा, पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी. गोखिवऱ्यात माझं ब्यूटी पार्लर आहे. नवरा विघ्नेश औषधांच्या कंपनीत. सासूबाई, वसुंधरा, मूळच्या साताऱ्याच्या, विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. त्यांच्या गुडघ्यांना पोरीमागे पळणं झेपत नाही, म्हणून सकाळी मी ज्ञानदाला पाचूबंदरला माझ्या मम्मीकडे सोडते आणि पार्लर आटपलं की घेऊन येते.

"तुमच्या आईंची बोली जरा वेगळी असेल, नाही?"

"कोळ्यांची. पानी, कोन, आनि," मी बोलले. लपवायचं काय त्यात?

"अच्छा," बाई बोलल्या. पोराला गोवर कुठून आला ते सापडल्यावर डॉक्टर मान हलवतात, तशी मान हलवली त्यांनी. "मुलं गोंधळतात हो अशाने. एकच भाषा राहू दे कानावर. शक्य असेल तर दिवसाची व्यवस्था बदला. दिवाळीनंतर पुन्हा भेटू, मग प्रवेशाचं बघू."

म्हणजे माझ्या आईपासून माझी मुलगी काढून घ्या. शब्द गोड होते, अर्थ हाच.

घरी आल्यावर जुंपलीच. विघ्नेश बोलला, "आपल्याच गल्लीत पाळणाघर आहे. चांगलं आहे. मम्मींना वाईट वाटेल, पण ज्ञानदाचं बघायला हवं ना आपण?"

"तिचं काय बिघडलंय?"

"अगं, स्वतःचं नाव चुकतंय तिचं," सासूबाई बोलल्या. "आग्नेसबाईंच्या मायेबद्दल मी कधी एक शब्द बोलणार नाही. पण भाषेचं काय करायचं?"

"आई, एक मला सांगा. माझ्या मम्मीच्या तोंडात ण येतच नाही. ती पाण्याला पानी बोलते, लोण्याला लोनी बोलते. मग ही पोरगी कानाला काण बोलते, ते मम्मीकडून कसं आलं? मम्मीकडे ण असता तर तिने पाण्यालाच नसता लावला?"

मग विघ्नेश बोलला, "गोंधळ. दुसरं काय."

"आणि परवा 'पप्पा येला' बोलली, ते? आपल्यात कोण बोलतं येला? मम्मी बोलते? आई बोलतात?"

"तोही गोंधळच," तो बोलला.

गोंधळ! एवढ्या ठसक्यात, एवढ्या नेमाने कोणी गोंधळतं का? गोंधळलेलं माणूस कधी हे बोलतं, कधी ते बोलतं. ही पोरगी आजीसमोर कानाला रोज काणच बोलत होती, एकदासुद्धा चुकून कान बोलत नव्हती. माझ्या पोरीच्या डोक्यात गोंधळ नाही, हे मला स्वच्छ माहीत होतं. पण मग काय आहे, ते काही मला सांगता येत नव्हतं. आणि कारण देता आलं नाही की घरात आपण हरतोच. महिना संपला की पुढच्या सोमवारपासून पाळणाघर, असं ठरलं.

तोवर काय करायचं, तर विघ्नेशने मम्मीला फोन लावला. अगदी आदराने बोलला, तसा तो भला माणूस आहे. "मम्मी, तेवढे दिवस ज्ञानदाशी जरा शुद्ध बोलाल का? पानीऐवजी पाणी, असं?"

मम्मी पलीकडून बोलली, "बोलेन की. त्यात काय हाय?"

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. आमची मम्मी बाजारात मासळी विकायला बसायची तेव्हा गिऱ्हाइकाची काय बिशाद होती तिच्यापुढे घासाघीस करायची. पप्पा गेले, तिची कंबर गेली, टोपली सुटली, आणि ती घरात नुसती बसून राहायला लागली. मग ज्ञानदा झाली. मी कामाला लागले आणि पोरगी तिच्याकडे आली, तेव्हा कुठे मम्मीचं तोंड पुन्हा सुरू झालं. दारात बोंबील वाळत घालताना बोलायची, क्रुसापाशी नेऊन बोलायची, मांजराला शिव्या देता देता पोरीला मांजराचं सगळं खानदान सांगायची. त्या दोघींची बडबड मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची.

त्या आठवड्यात एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी अचानक पाचूबंदरला गेले. गल्लीत काही ऐकू येईना. घरात शिरले तर टीव्हीवर कार्टून लागलेलं, ज्ञानदा समोर भिंतीला टेकून बसलेली, आणि मम्मी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून हळूहळू पुटपुटत होती. "पा-णी. को-ण. पा-णी." जीभ वर लावायला बघत होती. लागत नव्हती. मी हाक मारली तशी दचकली, चोरी करताना पकडल्यासारखी.

"मम्मी, हे काय करतेस?"

"शिकते गो," ती बोलली. "तवर गप बसलेली बरी. माझ्या तोंडातून कायतरी जायाचं नि पोरीचं नुसकान व्हायाचं."

मला रडू कोसळलं. ज्या बाईने आयुष्यात कोणापुढे आवाज खाली केला नाही, ती आपल्या नातीपुढे तोंड उघडायला घाबरत होती. तिच्या गळ्यात पडून मी रडले आणि मग तिथेच ठरवलं, की हे पाळणाघर मी होऊ देणार नाही. कसं, ते तेव्हाही माहीत नव्हतं. पण होऊ देणार नाही, हे नक्की होतं.

आणि मग तो रविवार आला, पाळणाघराच्या सोमवाराच्या आधीचा.

रविवारी पार्लरला मरायलाही फुरसत नसते. मी एका बाईंच्या भुवया करत होते, एक झालेली, दुसरीला नुकताच दोरा लावलेला, आणि विघ्नेशचा फोन. "मेल, ताबडतोब ये. ज्ञानदाने नाणी गिळलीत. दवाखान्यात आणलंय. एक्स-रे काढतायत."

"नाणी? किती?"

"तीन!"

त्या बाईंना एका भुवईवर तसंच सोडून मी पळाले. स्कूटरवर बसल्या बसल्या मम्मीला फोन केला, ती नुसतं "आली" बोलली आणि फोन ठेवला.

दवाखान्यात पोचले तर एक्स-रे होऊन गेलेला. तरुण डॉक्टर काचेला फिल्म लावून बघत होते. सासूबाई बाकावर, आणि मांडीवर ज्ञानदा पोट धरून भोकाड पसरून, "नाणी! नाणी!"

"काय झालं नेमकं?" मी विचारलं.

सासूबाई घाईघाईने सांगायला लागल्या. "दुपारपासून पोट दुखतं म्हणत होती. मी विचारलं, काय होतंय, पोटात काय आहे? तर म्हणाली, नाणी. मी म्हटलं, नाणी गिळलीस? मान हलवली. किती गिळलीस? तर तीण. मेलिसा, माझा तर जीवच गेला गं."

"काही नाहीये," डॉक्टर काचेकडून वळून बोलले. "एकही नाणं नाही. गॅस आहे नुसता. आज काय खाल्लं तिने?"

"शेंगदाण्याचे तीन लाडू," विघ्नेश ओशाळून बोलला. "मीच दिले."

जिवात जीव आला. पण पोरीचं चालूच, आजीचा पदर ओढून, "नाणी, नाणी!" मी तिला उचलून घेतलं. आणि मी इतकी घाबरलेली होते, की माझ्या तोंडून जे निघालं ते सरळ पाचूबंदरच्या घरातून निघालं. "काय झाला गो बाय? पोटान कल येतंय? पानी देऊ तुला?"

ज्ञानदाने रडं थांबवलं. माझ्या मानेला मिठी मारली आणि माझ्या कानात बोलली, "मम्मा, मना नानी पायजे."

नानी.

आमच्या घरात मम्मीला 'पाचूबंदरची आजी' म्हणायची पद्धत. पाचूबंदरला शेजारची पोरं आपापल्या आजीला नानी म्हणतात, ते ऐकून ज्ञानदा मम्मीला नानी म्हणते, पण तो त्या दोघींमधला शब्द. आमच्या फ्लॅटमध्ये तो कधी आलाच नव्हता. आज पोट दुखत होतं म्हणून आला. मम्मी पोटाला हिंग लावून चोळून देते ना, म्हणून पोरगी तिला हाका मारत होती. फक्त आजीसमोर मारत होती, तेव्हा नाणी. मी मम्मीसारखी बोलले, तेव्हा नानी.

"थांबा," मी बोलले. "थांबा, थांबा सगळे." पोरीला सासूबाईंच्या समोर उभं केलं. "बाळा, आजीला सांग, हे काय आहे?"

"काण."

पुन्हा कडेवर घेतली. "आता मम्माला सांग गो बाय, ह्यो काय हाय?"

"कान."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. विघ्नेश पुढे झाला. "मम्माला मोजून दाखव." एक, दोन, तीन. "आता आजीला." एक, दोण, तीण. हातात दिलेलं बिस्कीट खाण्याच्या आधी एकदा इकडे, एकदा तिकडे, बिनचूक. डॉक्टरांना बाहेर पेशंट थांबलेले, पण तेही खुर्चीत बसून बघत राहिले.

"अरे, तिने हिशेब लावलाय!" मी ओरडलेच. "मम्मीकडे पानी, आईंकडे पाणी. मम्मीकडे कोन, आईंकडे कोण. लोनी, लोणी. साबन, साबण. पोरगी रोज दोन्ही ऐकते. तिने काय ठरवलं? आजीशी बोलताना न आला की त्याचा ण करायचा. म्हणून काण. म्हणून तीण. म्हणून ग्याणदा! आणि नाणी नाही, नानी! माझी मम्मी हवीय तिला!"

"पण तिला हे सांगितलं कुणी, की माणसागणिक वेगळं बोलायचं?" सासूबाई बोलल्या.

विघ्नेश माझ्याकडे बघून हसायला लागला. "हिने! आई, आत्ता ऐकलंस ना हिचं? पानी देऊ, कल येतंय. मम्मींशी फोनवर हीच भाषा असते हिची. फोन ठेवते आणि लगेच आपल्याशी पाणी."

"मी? हट्!" मी बोलले. पण खरं होतं ते. मला कळतही नव्हतं आणि पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून ऐकत होती.

"आणि नर्सरीत?" तो बोलला. "त्या बाईंना तर ही ओळखतही नव्हती."

"त्यांनी आधी काय विचारलं होतं? पाणी हवं का! तेवढ्यावर ओळखलं हिने, या बाई आजीच्या पार्टीतल्या."

सासूबाई मघापासून विचारात पडल्या होत्या. त्यांनी ज्ञानदाला जवळ ओढलं, आणि बोट तिच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं. "आणि हे काय गं?"

मला वाटलं, आता णाक बोलते की काय!

"नाक," ज्ञानदा बोलली.

"नळाला काय म्हणतेस?"

"नळ."

"बघ," सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मराठी बोलताना आपण कुठलाही शब्द ण ने सुरू करत नाही. एकही नाही. मला हे आज, या क्षणी जाणवलं. साठी उलटली माझी. आणि हिने ते नुसतं ऐकून धरलंय. म्हणून नाणी म्हणाली गं ती. णाणी नाही म्हणाली." आणि त्यांनी पोरीचे असे पापे घेतले की बिस्कीट खाली पडलं. "गोंधळ कसला! ही तर आपल्या सगळ्यांहून नेमकी आहे."

"आणि येला?" मी तेवढ्यात घुसवलं. मला जिंकायचं होतं, पूर्ण जिंकायचं होतं. "बसला, उठला, झोपला, पडला. मग येला का नको? आला हा शब्दच वेडा आहे, पोरगी शहाणी आहे!"

"मान्य," विघ्नेशने हात जोडले. "मान्य बाई. पण मग काण कधी जाणार?"

"जाईल. ऐकत राहील, आपोआप नीट बसवेल. एवढं बसवलंय तिने, तेवढं नाही जमणार?"

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि मम्मी आली. पायात स्लिपर घरातली, केस सुटलेले, हातात हिंगाची डबी. तिला तर नाणी गिळल्याचंच माहीत होतं. मी धावत जाऊन सांगितलं, काही नाही, काही नाही, गॅस आहे. ती धपकन बाकावर बसली. ज्ञानदा माझ्या हातातून सुटून तिच्या मांडीवर चढली.

मम्मीने तिला कुरवाळलं. बाकावरची पाण्याची बाटली उचलली. आणि मग तिने एकदा माझ्या सासूकडे बघितलं, एकदा जावयाकडे, आणि ताठ बसली. शाळेत धडा म्हणायला उभं केल्यासारखी. जीभ वर लावून, एकेक अक्षर सांभाळत बोलली, "बाळ, पा-णी पी हं."

ज्ञानदा तिच्याकडे बघतच राहिली. बाटली तोंडाला लावली नाही. मम्मीला वाटलं, चुकलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, "थोडं पाणी..."

"नाय!" पोरीने बाटली ढकलली. ओठ बाहेर आले, डोळे भरले. तिने मम्मीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं, आत कुणी दुसरं बसलंय आणि त्याला बाहेर काढायचंय तसं. "तू नको असा बोलू. तू आजी नाय. तू नानी हायस ना? माझी नानी हायस ना?"

आठवडाभर मम्मी गप्प होती ती पोरीच्या भल्यासाठी, आणि पोरीला आठवडाभर वाटत होतं की नानी हरवली. मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड केलं.

उठल्या त्या माझ्या सासूबाई. गुडघे धरत आल्या, मम्मीच्या शेजारी बाकावर बसल्या आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"आग्नेसबाई, माझं ऐका. पाळणाघर रद्द. उद्या सकाळी ज्ञानदा पाचूबंदरलाच येईल. नर्सरी ही नाही तर दुसरी, ते मी बघते, त्या बाईंशी मीच बोलते. तुम्ही फक्त तुमचं तोंड बंद करू नका. तिला दोन्ही भाषा हव्यात. माझी पण आणि तुमची पण."

"पन ताई," मम्मी बोलली, "तिचा नाव..."

"राहू दे ग्याणदा. माझ्याशी बोलताना म्हणते ना? मला चालेल."

मम्मीने नाक पुसलं. मग पोरीला छातीशी घेतलं आणि कुठलंही अक्षर न सांभाळता, तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात बोलली, "पी गो बाय माझे. पानी पी."

ज्ञानदाने बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि गटागट प्यायली.